नोखायाचा काळा चहा

नोखाया चहा काळा पिते, हे डोंगराच्या या उतारावर सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणी तिच्यापुढे कप ठेवताना दुधाचं भांडं आपसूक पलीकडे सारायच्या. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "हिची जीभ शहाणी गं बाई, हिला साखर असली की पुरे." नवरा वुयिसिले डिसेंबरात रुस्टेनबर्गच्या खाणीतून घरी आला की मित्रांना हसत हसत सांगायचा, "माझी बायको आणि माझी खाण, दोघी काळ्यावरच जगतात."

मित्र हसायचे. नोखायाही हसायची. कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं, की माहेरी ती दुधाची अशी वेडी होती की आई तिला वासरू म्हणायची. तेव्हा तिचं नाव पेलोकाझी होतं; नोखाया हे सासरनं ठेवलेलं. ओठावर पांढरी मिशी घेऊनच ती शाळेला पळायची. आंबलेल्या दुधात कुस्करलेला मक्याचा दाणा आठवला, की अजूनही तिच्या जिभेखाली पाणी सुटायचं, आणि ते ती थुंकीसारखं गिळायची.

रीत साधी होती. घरच्या किंवा भावकीतल्या गाईचं दूध नव्या सुनेला चालत नाही. तिच्या नावानं बकरी कापायची, उजव्या पुढच्या पायाचं मांस विस्तवावर भाजायचं, मीठ न लावता तिला भरवायचं आणि त्यावर आंबलेल्या दुधाचा घोट पाजायचा, सगळ्यांदेखत. तोवर ती पाहुणी. घोट गळ्याखाली उतरला की ती घरची. मग पितर तिला ओळखतात, आजारपणात तिच्या उशाशी येतात, आणि ती मेली तर घरच्या मातीत मेली असं होतं.

लग्नाच्या वेळी तिची बकरी बांधली होती. कोरफडीच्या उंच झाडाखाली, तांबड्या कानांची. नोखाया तेव्हा दाराआड चटईवर बसलेली, डोईचं फडकं भुवयांपर्यंत ओढलेलं, खांद्यावर माहेरची घोंगडी. बाहेर बायका गात होत्या आणि तिला फक्त त्यांच्या टाचा दिसत होत्या. तेवढ्यात गत्यानाच्या इस्पितळाकडून पिकअप आली. सासरे गेले होते. बायकांचं गाणं मध्येच तुटलं आणि त्याच गळ्यांतून रडं फुटलं. बकरी सुतकाच्या जेवणात गेली. तिचा पाय कुणी खाल्ला, नोखायाला कळलं नाही. ती सरपण आणायला गेली होती.

वर्षभर सुतक. वर्षानंतर सासू माबेले म्हणाली, "पुढच्या डिसेंबरात." पुढच्या डिसेंबरात दुष्काळ होता. त्याच्या पुढच्या वेळी वुयिसिलेचा पाय खाणीत मोडला होता. मग आकोना झाली. आकोना रक्ताची, घरची, तिला जन्मतःच सगळं माफ. ती भोपळ्याच्या तुंब्यातलं दूध तोंडाला लावून प्यायची आणि आईच्या मांडीवर ढेकर द्यायची. नोखायाच्या अंगावर वाढलेली पोर घरची झाली, आणि जिनं अंगावर पाजलं ती पाहुणीच राहिली. आता आकोनाचं डोकं आईच्या खांद्याला लागत होतं.

तोवर नोखायानं सगळं पाळलं. गुरांच्या गोठ्यासमोरचं अंगण सुनेनं तुडवायचं नसतं, म्हणून ती घरांच्या मागून फिरून पाण्याला जायची. मागच्या गवतात तिच्या एकटीच्या पावलांनी वाट पडली होती. पावसाळ्यातही त्या वाटेवर गवत उगवत नसे. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसतं. त्यांचं नाव सूर्यावरून ठेवलेलं, म्हणून तिनं सूर्यालाही नावानं हाक मारली नाही. ती त्याला 'वरची चूल' म्हणायची. "वरची चूल कलली गं, गुरं आणा," असं तिनं म्हटलं की पोरं खिदळायची.

आता धाकट्या दिराचं लग्न झालं होतं. दीर सिपेनाती ईस्ट लंडनला, किनाऱ्यावरच्या शहरात, मास्तर होता. त्याची बायको ओल्वेतू नर्स होती, आणि तिला शनिवारी घरात घ्यायचं होतं.

आठवडाभर नोखाया दगडापाशी होती. बिअरसाठी भिजवून, मोड आणून, वाळवलेला मका दळायचा होता. आडव्या दगडावर ओणवं होऊन हातातला गोल दगड पुढे-मागे रेटायचा, गुडघ्यांना चटईचे वळ पडेपर्यंत. दगडाला ताल असतो, आणि ताल आला की तोंड उघडतंच.

*दळते बाई दळते, दगडाला आली धार,
नव्या गं सुनेसाठी, उघडं ठेवा दार.*

*काळा गं माझा चहा, काळी माझी वाट,
दुधाच्या घरामधी, कोरडा माझा हात.*

दुसरी ओवी तोंडातून निघून गेली तेव्हा ती स्वतःच दचकली. इकडे-तिकडे पाहिलं. कोंबड्यांखेरीज कुणी नव्हतं.

गुरुवारी पिकअपमधून बकऱ्या उतरल्या. एक नाही, दोन. एक काळी-पांढरी आणि एक तांबड्या कानांची.

नोखायाचा हात दगडावरच थांबला. तांबड्या कानांची! मागच्याच डिसेंबरात ती वुयिसिलेला म्हणाली होती, "धाकटीच्या आधी माझं करा. मागून आलेलीनं आधी खाल्लं तर मी जन्मभर तिच्या मागे. ती घरची आणि मी तिची मोलकरीण." तो म्हणाला होता, "होईल." तो रुस्टेनबर्गला असताना तिनं फोनवर पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हणाला होता, "होईल म्हटलं ना."

त्या दुपारी तिनं पेटीच्या तळातून माहेरची घोंगडी काढली. ओढ्यावर नेऊन धुतली, झुडपावर पसरली आणि ती वाळेपर्यंत शेजारी बसून राहिली, कुणी उचलून नेईल अशा धाकानं. घरी येताना मागच्याच वाटेनं आली, पण पाय हलके होते.

वुयिसिले लाकडं फोडत होता. घोंगडी पाहून म्हणाला, "अगं, या उन्हात हे काय काढलंस?"

"उद्या-परवा लागेल ना." ती लाजलीसुद्धा. "तांबड्या कानांची तुम्हीच निवडलीत?"

"कोण?"

"बकरी."

कुऱ्हाड लाकडात रुतली. ती उपसायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. "ती पाहुण्यांच्या जेवणाला आणलीय. नवरीकडची माणसं बरीच यायची आहेत."

"आणि माझी?"

"नोखाया..." तो हसला, आणि त्या हसण्यानंच सगळा घात केला. "आता काय तुला नवी नवरी व्हायचंय? पोर खांद्याला लागली. लोक हसतील गं. मी आईकडे विषय काढला होता, खरंच काढला होता. आई म्हणाली, नोखायाला मुळात दूध आवडतच नाही, ती चहा पण काळाच पिते. ते पण खरंच ना?"

नोखायानं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस वर्षातून एक महिना तिच्या शेजारी निजत होता.  तिनं घोंगडीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लावून घातली.

"लाकडं बारीक फोडा," ती म्हणाली. "जाडी पेटत नाहीत लवकर."

शनिवार उजाडला तो तापलेलाच. ओल्वेतूची माणसं आली, नवऱ्या मुलीला मध्ये घेऊन, गात, टाचा आपटत. मोठ्या गोल घरात चटया पसरल्या होत्या. उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला बायका, आणि दारालगतच्या बाकावर पाहुणे. दाराआड ओल्वेतू बसली, फडकं भुवयांपर्यंत, नजर जमिनीवर. नोखायानं कमरेला एप्रन बांधला होता आणि एप्रनच्या बंदाला कोठीच्या किल्ल्या. तीन पायांच्या हंड्यांत कुटलेला मका आणि घेवडा रटरटत होता. बिअर गाळायची होती, वाफेवरचे पाव उतरायचे होते. "नोखाया, चमचे कुठायत?" "नोखाया, मीठ?" "नोखाया, त्या म्हाताऱ्याला उशी दे." सगळं घर तिच्या नावानं चाललं होतं.

नोफेझिले आत्या मधोमध उभ्या होत्या. मयत सासऱ्यांची ही बहीण पोर्ट एलिझाबेथला राहायची, रीतभात मात्र सगळी तिच्या तोंडपाठ, आणि ते तोंड अख्ख्या खानदानात गाजलेलं. "ए पोरींनो, बायकांसारख्या गा! बेडकांना लाज वाटेल तुमची." मग दारातून गोठ्याकडे ओरडल्या, "म्बुयिसेलो! बकरी कापतोयस की तिला गोष्ट सांगतोयस?"

"कापली गं, कापली," गोठ्यातून वुयिसिलेच्या चुलत्यांचा आवाज आला. "पाय विस्तवावर आहे. तुझं तोंड लावलं असतं तर केव्हाच भाजला असता."

हशा पिकला. काळ्या-पांढऱ्या बकरीचा भाजलेला पाय लाकडाच्या ताटलीत घालून आत आला.  आत्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीकडे बोट केलं. तिथे दुधाचा तुंबा टांगला होता, वर्षानुवर्षांच्या हातांनी काळा, तुकतुकीत झालेला.

"नोखाया, तुंबा उतरव. नवरीला घोट थोरल्या जावेनं पाजायचा. तुझा मान आहे."

नोखाया जागची हलली नाही. पिठाचे हात एप्रनला पुसत राहिली.

"अगं, ऐकलंस ना?"

"मला हात लावता येत नाही, आत्या."

"का गं? शिवायची नाहीस का?" आत्यांनी आवाज खाली आणल्यासारखं केलं, पण ऐकायला सगळ्यांनाच गेलं. दोघी-तिघी हसल्या.

"तसं नाही. मला अजून पाजलेलं नाही."

आधी कुणाला अर्थच लागला नाही. आत्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, विसरलेल्या कपड्यासारखं दोरीवर लोंबत. मग त्या हळूच वळल्या. "माबेले? काय म्हणतेय ही?"

माबेले भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायांवर शाल. त्यांनी शालीची दशी ओढली. "तुमचे दादा गेले त्या धांदलीत राहून गेलं. आणि तिला दूध आवडत नाही, वन्सं. सगळ्या गावाला विचारा. ती चहासुद्धा काळा..."

"आवडत नाही?"

नोखायाचा आवाज मोठा नव्हता, पण पाहुण्यांच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं हातातला पेला खाली ठेवला.

"आवडत नाही म्हणता, आई? या घरात चहाच्या कपात दूध पडतं ते कुठल्या गाईचं पडतं? त्याच गोठ्यातल्या ना? मग मी ते कोणत्या तोंडानं पिऊ? तुम्ही माझ्या तोंडाला रीत बांधलीत आणि वर म्हणता हिला चवच नाही! बैलाला मुसकं बांधायचं आणि म्हणायचं, याला कणसं रुचत नाहीत!"

वुयिसिले दारात आला होता. हातांना बकरीचं रक्त, चेहरा ओढलेला. "नोखाया," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाहुणे बसलेत. आपण नंतर बोलू."

"पाहुणे बसलेत." तिनं मान हलवली. "खरंच की. मग मीही बसते."

तिनं कमरेचा एप्रन सोडला. किल्ल्यांचा जुडगा माबेलेंच्या पायांवरच्या शालीवर ठेवला. मग दारातून बाहेर पडली, आणि मागच्या वाटेला वळली नाही. सरळ गेली. गोठ्यासमोरच्या अंगणातून, भर उन्हात, मधोमध. आतून बायकांचा "अगं बाई!" असा एकच श्वास आला. गोठ्याच्या फाटकाशी मांस कापणारे पुरुष सुऱ्या हातात धरून तसेच उभे राहिले. ती फाटकाशी थांबली. आजवर तिनं गोठ्याचं शेण लांबूनच पाहिलं होतं. आता ते तिच्या पावलांपासून हातभर होतं, साधंच शेण, त्यावर माशा.

"लांगा!" तिनं हाक मारली.

सासऱ्याचं नाव. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्याचं एक अक्षरसुद्धा निसटलं नव्हतं. म्बुयिसेलो काकांच्या हातातली सुरी खाली पडली.

"लांगा! तुमच्या घरी पाहुणी आलेय हो. फार वर्षं झाली येऊन. तुमच्या बायकोची पाठ चोळली, तुमच्या नातीला जन्म दिला, तुमच्या थडग्यावरचं तण काढलं. पण तुम्ही मला ओळखत नसाल. माझी ओळख करून द्यायची राहिलीय."

"नोखाया! तोंड आवर!" वुयिसिले अंगणाच्या कडेवरून ओरडला.

ती वळली. "का आवरू? बंदी सुनेला असते. मी सून आहे? सांगा, आकोनाच्या बापा, इथे सगळ्यांसमोर सांगा. सून असेन तर माझी बकरी कुठाय? आणि पाहुणी असेन तर मी कुठूनही चालेन, कुणाचंही नाव घेईन. दोन्हीकडून मीच कशी बांधलेली?"

  वर चूल तापली होती आणि फाटकाचं लाकूड कुरकुरत होतं.

ती आली तशीच अंगणातून परत गेली, गोल घरात शिरली आणि पाहुण्यांच्या बाकावर, नवरीकडच्या म्हाताऱ्याशेजारी बसली. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून.

"मला बिअर द्या कुणीतरी," ती म्हणाली. "लांबून आलेय."

कुणी उठलं नाही. कोण उठणार? पेले कुठे ठेवलेत ते फक्त तिला ठाऊक होतं. बाहेर हंडीतला घेवडा तळाला लागल्याचा वास येऊ लागला. एक पोरगी धावली, तिला फडकं सापडेना, तिनं कडीला उघडाच हात लावला आणि किंचाळली. पावांच्या झाकणातून वाफ फुसफुसत राहिली. नोखाया बाकावर ताठ बसून ऐकत होती. तिची बोटं मांडीवर हलत होती, उठू का म्हणून, आणि ती एका हातानं दुसरा दाबून धरत होती.

शेजारच्या म्हाताऱ्यानं आपला पेला तिच्यापुढे केला. "घे पोरी. पाहुण्यानं पाहुण्याला द्यावं."

ती प्यायली. बिअर तिनंच केलेली होती आणि चांगली झाली होती.

"माबेले," आत्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "राहून गेलं नाही हे. दादाचं सुतक फिटल्यावर मी फोन केला होता. तू म्हणालीस, झालं सगळं."

माबेलेंनी किल्ल्यांचा जुडगा शालीखाली घेतला, बाहेर काढला. "तांबड्या कानांची होती ती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी स्वतः बांधली. दावं बांधून मान वर केली, आणि पिकअप दिसली. मला वाटलं... हिची बकरी पुन्हा बांधली की पुन्हा कुणीतरी जाईल. वुयिसिले खाणीत. सिपेनाती रस्त्यावर. मी आई आहे. माझा हात धजला नाही."

"म्हणजे मी पांढऱ्या पायाची." नोखाया बाकावरूनच म्हणाली.

"मी तसं कधी म्हणाले नाही."

"म्हणायला हवं होतंत! तोंडावर म्हणायला हवं होतंत, मी भांडले असते, रडले असते, माहेरी निघून गेले असते. तुम्ही मनात ठेवलंत आणि मला 'पुढच्या डिसेंबरात' देत राहिलात, मांजरापुढे दोरी हलवावी तशी. पांढऱ्या पायांनी आणलेलं पाणी चाललं. सरपण चाललं. तुम्हाला ताप आला तेव्हा या पायांनी दवाखान्यात पाठीवर नेलं, ते चाललं. फक्त दूध नाही चाललं!"

माबेलेंचा चेहरा दुमडला. पण नोखायाला कीव आली नाही. यायला हवी होती, कदाचित उद्या येईल, असं तिला एकदा वाटून गेलं. आज आत जागाच नव्हती.

आत्यांनी घसा खाकरला. "बरं. मांस गार होतंय. आधी नवरीचं उरकू, मग थोरलीचं बघू." त्यांनी मांसाचा तुकडा तोडला आणि ओल्वेतूच्या तोंडाशी नेला.

ओल्वेतूनं बोलायचं नव्हतं. मान वर करायची नव्हती. तिनं ती केलीही नाही. तिनं फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं.

"खा गं," आत्या म्हणाल्या.

तोंड भिंतीकडेच. तुकडा ज्या बाजूला गेला, त्याच्या उलट बाजूला फडकं वळायचं. नवरीकडच्या एका बाईनं तोंडाला शालीचं टोक लावलं. शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "आमची पोर लहानपणापासून अशीच आहे. नाही म्हणजे नाही."

आता गोठ्यातून म्बुयिसेलो काका आत आले. घरातले सगळ्यात वडीलधारे पुरुष तेच. कुणाकडे न बघता ते वुयिसिलेला म्हणाले, "दुसरी बकरी सोड."

"काका, ती पाहुण्यांच्या..."

"पाहुणे कोंबडी खातील. पाहुण्यांना चालेल ना?"

"आम्ही तर मका-घेवड्यावर पण खूश होतो," म्हातारा म्हणाला. "तेवढा करपला नसता म्हणजे झालं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्यांनाच हसू आवरेना. नोखाया मात्र हसली नाही. ती दाराकडे पाहत होती. वुयिसिले कोरफडीखालून तांबड्या कानांची बकरी गोठ्याकडे ओढत नेत होता. बकरी पाय रोवून उभी राहत होती, आणि मोडलेल्या पायानं लंगडत तिला ओढताना तो सगळ्या गावासमोर घामाघूम झाला होता. होऊ दे, ती मनात म्हणाली. होऊ दे.

तिची चटई अंथरली, दाराआड, नवरीच्या शेजारी. तिनं पेटीतून धुतलेली घोंगडी आणली आणि खांद्यावर घेतली. फडकं भुवयांपर्यंत ओढलं. पोर खांद्याला लागलेली बाई नव्या नवरीसारखी बसली आणि कुणीही हसलं नाही. फडक्याखालून तिला शेजारचा हात दिसला. तरुण, आखूड नखांचा, नर्सचा हात. तो चटईवर सरकत आला, तिच्या करंगळीला लागला आणि तिथेच थांबला.

बायकांनी गाणं धरलं. आधी घाबरत, मग मोकळ्या गळ्यानं.

*आली गं आली बाई, आली वाट चुकून,
दारातली पाहुणी, घ्या गं आत झुकून.*

मांस आलं. मीठ नाही, धुराचा वास. आत्यांनी भरवलं. मग त्या तुंब्याकडे वळल्या.

"नाही," नोखाया म्हणाली. नवरीनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. "आईंनी पाजायचं."

माबेले उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला आणि कुणी हात दिला नाही. त्यांनी तुंबा उतरवला, हलवला, लाकडी वाडग्यात ओतला. घट्ट, पांढऱ्या गुठळ्यांचं दूध बद् बद् करत पडलं. वाडगा नोखायाच्या तोंडाशी आला. दोन थेंब घोंगडीवर सांडले.

ती प्यायली.

आंबट. गार. जिभेवर गुठळी फुटली, आणि आई तिला वासरू म्हणून हाक मारतेय असं वाटलं. मग घोट उतरला. दूधच होतं ते. माहेरच्यासारखं, कुणाच्याही घरच्यासारखं.

"सून जेवली!" पोरी ओरडल्या. "सून जेवली!"

"एवढंच?" नोखाया म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी संतापाचं होतं. "एवढंच होतं, आई? एवढंसं?"

माबेलेंनी रिकामा वाडगा मागे घेतला.

"अजून," नोखाया म्हणाली.

रीत एका घोटाची. माबेलेंनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी छताकडे पाहिलं. वाडगा पुन्हा भरला. ती प्यायली.

"अजून."

पोरींचं ओरडणं थांबलं. दूध ओतण्याचा आवाज तेवढा राहिला. ती पीत गेली, घाई न करता, ओठांवर पांढरी रेघ उमटेपर्यंत, आणि दर वेळी वाडगा पुढे करत गेली. माबेले भरत गेल्या. एकसुद्धा थेंब आता सांडत नव्हता. शेवटी तुंबा उलटा केला तेव्हा त्यातून वाडगाभर निघालं आणि तो रिकामा झाला.

हे शेवटचं ती प्यायली नाही. तिनं वाडगा माबेलेंच्या हातातून घेतला. आता हात लागत होता. शेजारच्या फडक्याकडे वळून म्हणाली, "तोंड फिरव बाई इकडे. भिंतीला काय बघतेस, मीच लिंपलीय ती. आधी मांस खा. मग हे पी. माझ्या हातचं आहे."

ओल्वेतूनं तोंड फिरवलं.

उन्हं कलल्यावर पाहुणे अंगणाच्या कडेला सावलीत बसले. आत्या शालीच्या टोकानं वारा घेत म्हणाल्या, "किती हे ऊन!"

"वरची चूल आहे, आत्या. आज पाहुण्यांसाठी जाळ जरा जास्तच केलाय," नोखाया म्हणाली. आत्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. किल्ल्या पुन्हा तिच्या कमरेला होत्या. माबेलेंनी स्वतः आणून दिल्या होत्या, न बोलता, आणि तिनं त्या घेतल्या होत्या, न बोलता. ते बोलणं अजून व्हायचं होतं. दोघींनाही ते माहीत होतं.

वुयिसिले चहा घेऊन आला. स्वतः केलेला. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी कप घेऊन चार लोकांतून चालत येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं. कप तिच्या हातात देत म्हणाला, "घे. दमली असशील."

तिनं आत पाहिलं. काळा.

तो सवयीनं केला होता. अगदी प्रेमानं, सवयीनं. नोखायानं कप खाली ठेवला नाही, फेकलाही नाही. तो तिनं त्याच्या हातात परत दिला.

"हा तुम्ही प्या," ती म्हणाली. "इथेच, माझ्यासमोर. सगळा."

त्याला पाच चमचे साखर आणि अर्धा कप दूध लागायचं. पण तो प्यायला. मित्र पाहत होते, कुणी हसलं नाही. त्यानं तोंड वाकडं केलं, थांबला, पुन्हा प्यायला.

"कसा लागतो?"

"कडू," तो म्हणाला.

"संपवा," नोखाया म्हणाली, आणि तो संपेपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही.